लठ्ठपणाची शस्त्रक्रिया आणि माझी झाकली मूठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वाढदिवस. अशा दिवशी कोणी मुलांच्या शिक्षणाविषयी बोलते, कोणी घरखर्चाच्या वहीविषयी. मला मात्र चिटणीसबाई म्हणाल्या, "तू बारीक कशी झालीस तेवढे सांग, सगळ्या तेच विचारतात." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि मूल यांत रमलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. काही वेडेवाकडे बोलले तर पदरात घ्यावे.

आरंभीच एक कबुली देते. गेली तीन वर्षे तुम्ही विचारीत होता आणि मी सांगत होते की, सकाळी मेथीचे पाणी घेते आणि कृष्णेच्या घाटावर फिरायला जाते. ते खोटे होते. फिरायला जाते हे खरे, पण वजन उतरले ते त्याने नव्हे. २०२२ सालच्या डिसेंबरात पुण्याच्या एका इस्पितळात माझ्या पोटावर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली. गावात मी सांगितले होते की, महिनाभर भावाकडे राहायला जाते.

झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो. माझ्या झाकल्या मुठीचा भुर्दंड मात्र दोघींना पडला. एक मी, आणि दुसऱ्या माझ्या शेजारच्या वहिनी. त्या समोरच बसल्या आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच सांगते. वहिनींना मधुमेह आहे. माझे ऐकून त्यांनी दोन वेळा मेथीचे पाणी आणि एकच वेळ जेवण असा क्रम धरला. साखरेच्या गोळ्या मात्र पूर्वीइतक्याच चालू. पोटात अन्न नाही आणि गोळी साखर उतरविते आहे! नवव्या दिवशी घाटाच्या पायऱ्यांवर त्यांना घेरी आली, त्या पडल्या आणि मनगट मोडले. मी त्यांना डबा पोहोचविला, वेणीफणी करून दिली, पण खरे काही सांगितले नाही. ते आज सांगते.

माझे वजन लहानपणापासूनच जास्त. लग्नानंतर दोन बाळंतपणांत ते आणखी वाढले. आपल्या वाईला ढोल्या गणपती आहे. देवाचे पोट मोठे म्हणून आपण कौतुकाने हात जोडतो, आणि बाईचे पोट मोठे दिसले की तोंडाला पदर लावून हसतो. गल्लीतली पोरे मला त्याच नावाने हाक मारीत. हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी म्हणे, "हिला एकच लाडू द्या गं!" मीही हसत असे. घरी येऊन रडत असे, आणि रडून झाले की खात असे.

पण खरे दुःख दवाखान्याचे. एका दवाखान्यात वजनाचा काटा बाहेरच्या खोलीत होता. तिथला माणूस सर्वांदेखत म्हणाला, "जपून, काटा मोडेल." बसायची खुर्ची हातांची, त्यात मी मावत नसे, म्हणून उभी राहत असे. पाळीच्या वेळी अंगावरून फार जाई. त्याविषयी विचारले तर उत्तर एकच, "आधी वजन कमी करा." गुडघा दुखला तरी तेच, दम लागला तरी तेच. पुढे वर्षाने दुसरीकडे रक्त तपासले तेव्हा थायरॉईडचा दोष निघाला. त्या वर्षभरात मी डॉक्टरांकडे जाणेच सोडले होते. भगिनींनो, आपल्यासारख्या बायका औषधपाण्याला उशीर करतात तो पुष्कळदा आळसाने नव्हे, लाजेने.

तोपर्यंत मी किती उपाय केले असतील! उपास केले, भात सोडला, कोणाच्या तरी पुड्या खाल्ल्या. दहा किलो उतरत आणि सहा महिन्यांत बारा किलो चढत. मला वाटे, माझाच निग्रह कच्चा. पुण्याच्या डॉक्टरांनी प्रथमच निराळे सांगितले. लठ्ठपणा हा पुष्कळ कारणांनी होणारा आजार आहे. वजन उतरू लागले की शरीराला दुष्काळ पडल्यासारखे वाटते. ते भूक वाढविते, खर्च कमी करते आणि गेलेले वजन परत मिळवू पाहते. निग्रह हवाच, पण वजन फार वाढलेले असेल तर नुसता निग्रह बहुधा पुरत नाही. हे ऐकले आणि वीस वर्षांचे ओझे मनावरून उतरले. अंगावरचे तेवढे राहिले होते.

वजन किती जास्त, हे काढायचा हिशेब सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. माझी उंची पाच फूट, म्हणजे १.५२ मीटर, आणि वजन १०४ किलो. दोनदा भागले की ४५ येतात. आपल्या लोकांत २३ च्या आत ठीक, २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कारण आपल्याला कमी वजनावरच मधुमेह गाठतो. १९९१ सालापासून अमेरिकेतील नियम असा होता की, हा आकडा ४० असेल, किंवा ३५ असून बरोबर मोठा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ साली या विषयाच्या जगातील मोठ्या संस्थांनी तो खाली आणला: ३५ असेल तर आजार नसतानाही, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासून. आशियातील लोकांसाठी आकडा आणखी कमी धरावा, असेही त्यांनी म्हटले. आपल्याकडील विम्याच्या २०१९ सालच्या नियमांत मात्र ४०, किंवा गंभीर आजारासह ३५, हीच अट आहे. ज्यांचा आरोग्यविमा आहे त्यांनी पॉलिसीची मुदत आणि अटी आधी वाचून घ्याव्या. आमचा विमा नव्हता. माझ्या दोन पाटल्या मोडल्या आणि बाकीचे यजमानांनी पतपेढीतून काढले.

सासूबाई म्हणाल्या, "देवाने दिलेले धड पोट कापून घेतेस?" त्यांचे चुकले नाही. मलाही तीच भीती होती. पण मला मधुमेह, रक्तदाब आणि त्यात झोपेचा विकार. माझ्या घोरण्याला कंटाळून आमचे हे माजघरात झोपत, ही घरात थट्टेची गोष्ट झाली होती. पुण्यास रात्रभर तारा लावून झोप तपासली, तेव्हा कळले की झोपेत माझा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. थट्टा थांबली. अशा माणसाला भूल देताना फार जपावे लागते. म्हणून आधी कित्येक आठवडे रात्री नाकावर हवेचा मुखवटा लावून झोपायला लावले. ही तपासणी न करता कोणी तारीख दिली असती तर? आजही त्या विचाराने अंगावर काटा येतो.

त्या इस्पितळात मला काय वेगळे दिसले ते सांगते. बसायला बिनहाताची रुंद बाके. वजनाचा काटा आडोशाला, आणि आकडा मोठ्याने सांगायचा नाही. रक्तदाबाचा पट्टा रुंद. तोकडा पट्टा जाड दंडावर आवळला तर रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो. माझा रक्तदाब इतकी वर्षे जास्त दिसे, त्यातला थोडा पट्ट्याचाच होता! पलंग, ढकलगाडी, शस्त्रक्रियेचे टेबल, सारे किती वजन पेलते ते आधी पाहिलेले असते. भूल देताना डोके आणि खांदे उशांनी उंच ठेवतात, म्हणजे श्वास सोपा होतो. २०१७ साली इजिप्तहून एमान नावाच्या बाईला उपचारासाठी मुंबईला आणले होते, ते तुम्हांला आठवत असेल. मालवाहू विमान आणि पलंग उचलणारी क्रेन आपण दूरचित्रवाणीवर पाहिली. लोकांना तमाशा वाटला. मला मात्र वाटले की, इतक्या वर्षांत त्या बाईला योग्य जागा, योग्य पलंग वेळेवर मिळाला असता तर!

शस्त्रक्रियेआधी रक्त, हृदय, यकृत, पित्ताशय सर्व तपासले. दुर्बिणीने जठर पाहिले. मनाच्या डॉक्टरीणबाई तासभर बोलल्या. रडून खाण्याची गोष्ट मी प्रथम त्यांना सांगितली. मी मिश्री लावीत असे, ती बंद करायला लावली. तंबाखूने जखम भरून येत नाही आणि पुढे आत व्रण होतो. शेवटचे दोन आठवडे फार हलका आहार दिला. त्याने यकृत आकसते आणि सर्जनला आत हात चालवायला जागा मिळते.

शस्त्रक्रिया कसली, तेही मला कळले तसे सांगते. यात मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी वेगळी करतात आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात. बाकीचे जठर आतच राहते, अन्न मात्र त्याला वळसा घालून जाते. माझी ही दुसरी, तिला बायपास म्हणतात. ती १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी काढली. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या बायका पुढे बारीकच राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. हल्ली ही कामे चार-पाच छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने करतात. पिशवी लहान झाली एवढेच त्यात नाही. आतड्यातून मेंदूला जाणारे भुकेचे निरोपही बदलतात. माझी साखर तर वजन उतरण्यापूर्वीच, पहिल्या आठवड्यात खाली आली.

धोका नाही असे मी म्हणणार नाही. अनुभवी ठिकाणी हजारात एक ते तीन माणसे दगावतात, असे मला स्पष्ट सांगितले, आणि त्या कागदावर सही करताना माझा हात कापत होता. मुलांची तोंडे डोळ्यांसमोर आली. पण काहीच न करण्याचाही धोका असतो. स्वीडन देशात १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या हजारो लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. २००७ साली निष्कर्ष छापला तेव्हा, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी होते.

त्याच दिवशी संध्याकाळी मला धरून चालविले. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हवेने फुगणारे मोजे आणि इंजेक्शने दिली. घरी पाठविताना बजावले की, नाडी फार जलद चालली, ताप आला, पोट किंवा खांदा दुखला, दम लागला, पिंढरी सुजली तर रात्र काढू नका, लगेच या. आतला जोड गळू लागला तर जलद नाडी हे पहिल्या खुणांपैकी एक असते. उलट्या थांबत नसतील तरीही घरी बसायचे नाही. त्याने जीवनसत्त्व इतके घटते की मेंदूला इजा होऊ शकते.

पहिले दोन आठवडे ताकाची निवळ, मुगाचे पाणी असे पातळ पदार्थ, तेही घोट घोट. मग कुस्करलेले मऊ अन्न, आणि पाच-सहा आठवड्यांनी घरचे जेवण. ताटात आधी वरण, उसळ, अंडे, पनीर, भाकरी मागून. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिने हवीत. जेवताना पाणी नाही. पहिल्या होळीला मोह आवरला नाही आणि अर्धी पुरणपोळी खाल्ली. घाम, धडधड, जुलाब! तासभर वाटले की आता संपले. गोड एकदम आतड्यात उतरले की असे होते. चौथ्या महिन्यात केस गळू लागले, ते पुढे आले. वर्षाने काटा ७४ वर आला. कातडी लोंबते, ती तशीच आहे. लोह, बी-बारा, कॅल्शियम, डी या गोळ्या जन्मभर, आणि दर वर्षी रक्ताची तपासणी. तरुण मुलींनी हेही ध्यानात ठेवावे की, शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, आणि त्यासाठीच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या बायपासनंतर भरवशाच्या राहत नाहीत.

आता माझा भुर्दंड. २०२४ च्या पावसाळ्यात माझी दाढ ठणकू लागली. गावातल्या दवाखान्यात गेले. बाकावर आपल्या गल्लीतल्या दोघी बसल्या होत्या आणि आतल्या खोलीला नुसता पडदा. डॉक्टरांनी विचारले, "काही शस्त्रक्रिया झाली आहे?" मी म्हटले, "नाही." त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, आणि बरे वाटते म्हणून मी त्या दुकानातून आणून पंधरा दिवस घेतल्या. बायपास झालेल्यांना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या वर्ज्य असतात. जठर आणि आतडे जोडलेल्या जागी त्यांनी व्रण होतो. हे मला लिहून दिलेले होते. तो कागद मी ट्रंकेत तळाशी लपविला होता. एके पहाटे शौचाला डांबरासारखे काळे झाले आणि मी न्हाणीतच कोसळले. साताऱ्यास नेले. दुर्बिणीने पाहिले तर व्रणातून रक्त वाहत होते. दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. धाकटी मुलगी पलंगाशी उभी राहून म्हणाली, "आई, तू डॉक्टरांना का नाही सांगितलंस?" मला उत्तर देता आले नाही. त्या डॉक्टरांनी विचारले होते, चूक माझी. आता पर्समध्ये चिठ्ठी असते: माझी कोणती शस्त्रक्रिया झाली आणि कोणत्या गोळ्या नकोत.

कोणा भगिनीच्या मनात हा उपाय असेल, तर पुढचे प्रश्न निःसंकोच विचारावे.

१. सर्जनने ही शस्त्रक्रिया किती जणांवर केली आहे, आणि पुढे काही बिघडले तर तेच पाहतील काय?

२. झोपेची, हृदयाची, मनाची तपासणी आधी होणार काय? भूलतज्ज्ञ आधी भेटतील काय?

३. रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला दूरध्वनी करायचा? अतिदक्षता विभाग तिथेच आहे काय?

४. आहारतज्ज्ञ किती वर्षे भेटतील? गोळ्या आणि तपासण्यांचा वर्षाचा खर्च किती?

५. माझ्यासाठी हाच प्रकार का? दुसरा उपाय का नाही?

"आजच पैसे भरा, उद्या करून टाकू" असे म्हणणाऱ्याच्या दारातून चप्पल घालून बाहेर पडावे.

दुसरे उपायही आता आहेत. २०२५ साली मौंजारो आणि वेगोवी ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शने आपल्याकडे विक्रीस आली. पुष्कळांना गुण येतो, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, आणि बंद केली की वजन बहुधा परत चढते. ती चालू असताना कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्यांना अवश्य सांगावे, कारण त्यांनी जठर सावकाश रिकामे होते. आणि ज्यांना पाच-दहा किलो उतरवायचे आहेत त्यांनी सुरीचा विचारही करू नये. शस्त्रक्रिया म्हणजे जादू नव्हे. ती हातात दिलेली काठी आहे, चालायचे आपल्यालाच. नीट चालले नाही तर वजन पुन्हा वाढते, अशीही माणसे मी तपासणीला भेटलेली पाहिली आहेत.

शेवटी मंडळाला एक मागणे. दर वर्षी आपले आरोग्य शिबिर होते. यंदा त्यात रक्तदाबाचा एक रुंद पट्टा आणावा, वजनाचा काटा पडद्याआड ठेवावा, आणि दोन तरी भक्कम, बिनहाताच्या खुर्च्या मांडाव्या. मागच्या शिबिराला ज्या आल्या नाहीत, त्या का आल्या नाहीत ते मला ठाऊक आहे. मीही कित्येक वर्षे आले नव्हते. आणि हळदीकुंकवाला कोणाच्या ताटातले लाडू मोजू नयेत.

काल रात्री हे सर्व मी आधी वहिनींना जाऊन सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं मनगट भरून आलं गं, पण तू मला परकी समजलीस हे लागलं. उद्या सगळ्यांना सांग, म्हणजे झालं." त्यांच्या आज्ञेने सांगितले. त्यांच्या मधुमेहासाठी पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे जाणार आहोत. आणखी कोणाला यायचे असेल तर माझे दार उघडे आहे.